डाव्या कानातला वरचा सूर

सूर आला नाही.

रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, ती काचेच्या खोलीच्या दाराशी खुर्ची ओढायची, हेडफोन कानांवर चढवायची, एक हात बाहेरच्या मशीनवर ठेवायची आणि मशीनचे सगळे सूर स्वतः ऐकून घ्यायची. आधी उजवा कान, मग डावा. खालचे जाडेभरडे सूर, मग मधले, आणि शेवटी तो सगळ्यात वरचा, बारीक, आला की नाही अशी शंका यावी इतका हळू. कानांच्या दवाखान्यातली रीतच आहे ती. दुसऱ्यांचे कान तपासायचे तर आधी मशीन आपल्या कानांनी तपासून घ्यायचं. इतक्या वर्षांत ते दात घासण्याइतकं अंगवळणी पडलं होतं; हात आपला बटणं फिरवत असायचा आणि मन घरी, गॅस बंद केला का, याच्यावर. आज मन गॅसवरून एकदम परत आलं. उजव्या कानात वरचा सूर नेहमीसारखा आला, आणि डाव्या कानात त्याच्या जागी काहीच नाही. तिनं आवाज चढवला. आला. पुन्हा नेहमीच्या जागी उतरवला. गेला. आता पुढे काय करायचं हे या धंद्यातलं कालचं पोरही सांगेल: हेडफोनची अदलाबदल करायची. डावीकडचा उजव्या कानावर, उजवीकडचा डाव्यावर. सूर उजव्या कानात गायब झाला तर दोष वायरचा. डाव्यातच गायब राहिला तर दोष कुणाचा ते सांगायला नको. चुटकीसरशी होणारं काम. तिनं हेडफोन काढले, हातात उलटे फिरवलेसुद्धा. आणि मग सुलटे करून खुंटीला टांगले. "डावी वायर गेली वाटतं," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत कुणीही नव्हतं.

कसली वायर न कसलं काय. पण एकदा बोललं की बोललं, आणि तिच्या बोलण्याला त्या दवाखान्यात भलताच मान होता. मागे एकदा मशीनवाल्यानं मीटर लावून सगळं ठीक आहे म्हणून सही केली होती आणि हिनं ऐकताक्षणी सांगितलं होतं, मधला सूर थरथरतोय. मशीन उघडलं तर खरंच आतला एक भाग सैल झालेला. तेव्हापासून डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, मीटर चुकेल पण आमच्या बाईंचा कान चुकायचा नाही. ते ऐकून ती वरवर "काहीतरीच हं" म्हणायची आणि आतून फुगायची. आता तोच फुगा तिच्या घशात अडकला होता. ज्या बाईला वरचा सूर येत नाही तिला मशीनवर कोण बसवेल? नावं पुकारायच्या टेबलावर बसवतील. आणि डॉक्टर आवाज उगाच चढवून, प्रत्येक शब्द सुटा करून बोलायला लागतील, जसं ते बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलतात. जसं ती वडिलांशी बोलायची. वडिलांचे कान लवकर गेले. आधी त्यांना राग यायचा, घरात सगळे आपल्याविरुद्ध कुजबुजतात म्हणून. मग एक दिवस राग संपला आणि ते नुसते "हो हो" म्हणायला लागले. चहा घेणार का, हो हो. तुमच्या मित्राचं काल ऑपरेशन झालं, हो हो, हसून. ते हसणं आठवलं की तिच्या अंगावर अजून काटा यायचा. त्या हसण्यामुळेच तर ती या धंद्यात आली होती. माणसानं न ऐकता हसू नये, एवढंच तिला हवं होतं.

आणि हे सगळं नेमकं आत्ताच व्हायचं होतं! कान असल्याचं सुख तिला आयुष्यात पहिल्यांदा कळायला लागलं होतं तेव्हा. त्याला कारण नणंद. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. जन्मभर तिनं एका दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवल्या, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर ती बागकाम करील, फार तर विणकाम, असं सगळ्या घरानं परस्पर ठरवून टाकलं होतं. ती निघाली नाचायला. पोहण्याचा एक जुना बंदिस्त तलाव होता, पाणी कधीच काढून टाकलेला. तिथे रविवारी दुपारी इलेक्ट्रॉनिक संगीत लावतात आणि लोक तलावाच्या तळाशी उतरून नाचतात, हे तिनं जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा नवऱ्याचा घास तोंडातच राहिला. "या वयात?" "वय विचारत नाहीत रे," ताई म्हणाली, "शिडी उतरता आली म्हणजे झालं." मग ती भांडी आवरणाऱ्या वहिनीकडे वळली. ये इकडे, म्हणाली, आणि ओल्या हातांसकट तिला खुर्चीत बसवून आपले हेडफोन तिच्या कानांवर चढवले. ती थांबली. काहीच नाही. "सुरू कर ना," ती म्हणाली. "सुरूच आहे." "मला काही येत नाहीये." "थांब जरा. तुझ्या दवाखान्यातली घाई इथे करू नकोस." ती थांबली. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि मग तिच्या लक्षात आलं की फ्रिज पलीकडच्या भिंतीला आहे आणि ही घरघर दोन्ही कानांच्या मधोमध आहे, आणि ती घरघर नाहीच, एक लांबलचक सूर आहे, तो हळूहळू उजळतोय, आणि तो कधी सुरू झाला हे तिला सांगता येणार नाही. तिला! जन्मभर काचेपलीकडच्या माणसाला "आवाज आला की बटण दाबा, अगदी हळू आला तरी दाबा" असं सांगत आलेल्या बाईला. असणं आणि नसणं यांच्यामधली जी रेघ ती रोज कागदावर काढायची, त्या रेघेवरच कुणीतरी घर बांधलं होतं. मग खूप वेळानं, शेजारच्या खोलीत कुणी चालावं तसा खालून ठेका आला, आणि तिचा खांदा तिला न विचारता हलला.

तोवर तिला संगीत नव्हतंच. म्हणजे गाणी होती, लग्नात, रेडिओवर, कुणाच्या तरी फोनमध्ये. पण गाण्यात शब्द असायचे आणि शब्द आले की ती शब्दांच्या मागे जायची. दिवसभर सूर मोजून घरी आलं की तिला शांतता हवी असायची, आणि नवऱ्याला टीव्ही. आता मात्र ती वेडीच झाली. ताई फोनवर नवं नवं पाठवायची, आणि ही ते भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, बसमध्ये, ऐकायची. काही तुकडे नुसते धुक्यासारखे होते, त्यांना ताई ॲम्बिएंट म्हणायची. काहींत तोच तोच ठेका इतका वेळ चालायचा की आता बास असं वाटायच्या क्षणी त्यात कुठेतरी एक झांज उघडायची आणि सगळी खोली मोठी व्हायची. ते कुणी वाजवलेलं नव्हतं, कुणीतरी यंत्रात बसवलेलं होतं, आणि तरी त्यात श्वास होता. तिला गंमत वाटायची. यंत्राचा सूर म्हणजे परीक्षा, आला की नाही, पास की नापास, हेच तिनं इतकी वर्षं पाहिलेलं. इथे यंत्राचा सूर येऊन नुसता शेजारी बसायचा, काही विचारायचा नाही. नवऱ्यानं तिला एकदा ओट्याशी कमरेत डुलताना पाहिलं. "काय अंगात आलंय का?" तो म्हणाला. ती लाजली, आणि डुलत राहिली.

तर आता काय झालं, की सूर न आल्याच्या त्या सकाळनंतर प्रत्येक तुकडा परीक्षा झाला. ऐकताना ती ऐकत नव्हती, शोधत होती. अजून काय काय आहे जे मला येत नाहीये? ताईच्या सगळ्यात आवडत्या तुकड्यात, ठेका एकदम थांबतो त्या जागी, डावीकडून एक बारीक किणकिण येते म्हणे. ताईनं चहा घेता घेता तो तुकडा लावला, कानात घालायचे छोटे हेडफोन एक-एक वाटून घेतले, आणि डावा वहिनीकडे दिला, मुद्दाम, कारण मजा डावीकडे आहे; तिला स्वतःला ती जागा पाठच होती. "आता बघ हं. आता येईल. आला! कसला गोड आहे ना?" तिच्या कानात ठेका थांबला होता आणि काही नव्हतं. ताई तिच्या तोंडाकडे बघत होती, डोळे चमकत होते. "हो हो," ती म्हणाली. आणि हसली. शब्द तोंडातून बाहेर पडताच तिला वडिलांचा आवाज ऐकू आला, अगदी स्वच्छ, दोन्ही कानांनी. तिनं कप खाली ठेवला. हा तुकडा तिनं आधी कितीतरी वेळा ऐकला होता, बसमध्ये ऐकून तिला रडू आलं होतं, आणि त्यात एक सूर आहे हे तिला माहीतही नव्हतं. मग दुसरी भीती जागी झाली: हे संगीतच तर कान खात नसेल? ती स्वतः पेशंटना सांगायची, हेडफोन जपून वापरा. तिनं आवाज कमी केला, मग अगदी कमी केला, मग ऐकणंच सोडलं. घर नुसतं खायला उठलं. एक संध्याकाळ कशीबशी काढली आणि चोरून विडी ओढणाऱ्या माणसासारखी बाल्कनीत जाऊन पुन्हा हेडफोन लावले.

डावी वायर गेली असं तिनं डॉक्टरांनाही सांगितलं होतं, आणि तिच्या शब्दावर मशीनवाला आला. सगळी वायर तपासली, मीटर लावलं, मान हलवली. "मॅडम, मीटर तर बरोबर दाखवतंय." इथे तिला थांबता आलं असतं. अगदी सहज, "असं का, मग माझंच काहीतरी" एवढं म्हणायचं होतं. डॉक्टर दारातून डोकावत होते, धाकटी शेजारी उभी होती. दवाखान्यात तपासणाऱ्या त्या दोघीच, म्हणून डॉक्टरांनी त्यांची नावंच मोठी आणि धाकटी अशी पाडली होती. "मागेही मीटर बरोबरच दाखवत होतं," ती म्हणाली. मशीनवाल्याचा चेहरा पडला. त्याला ती जुनी गोष्ट अजून लागत होती. "खरं आहे मॅडम, तुमच्या कानापुढे आमचं मीटर काय," असं म्हणत त्यानं मशीनचं मागचं झाकण काढलं आणि डावीकडचा वरचा सूर आतून थोडा चढवला. "आता?" तिनं ऐकलं. नाही. "अजून जरा." त्यानं अजून चढवला. "आता?" आणि तो आला, बारीक, स्वच्छ, हरवलेलं माणूस दारात उभं राहावं तसा, आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "हं. आता बरोबर." डॉक्टर म्हणाले, बघा, मी सांगत नव्हतो? धाकटी मशीनच्या उघड्या पाठीकडे बघत होती. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सूर येऊ लागला. रोज यायचा. आणि रोज तिला पक्कं ठाऊक असायचं की आता त्या मशीननं तिचा कान नीट ठरवला आहे आणि उरलेल्या सगळ्या जगाचा चुकीचा.

ते जग छापखान्यातला एक माणूस होऊन आलं. बोटांच्या पेरांत शाई, कडेला टेकून बसायची सवय. डाव्या कानानं बारीक आवाज येत नाहीत म्हणाला. मशीन अडकलं की जी शिट्टी वाजते ती त्याला आली नाही, शेजारच्यानं ओढून बाजूला केलं म्हणून हात वाचला. "घरी बायको म्हणते, तुला हवं तेवढंच ऐकू येतं." तो ओशाळून हसला. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, सूर सोडायला लागली. उजवा ठीक. डावा: खालचे ठीक, मधले ठीक, आणि वरचा, तो चढवून ठेवलेला, त्याला ऐकू आला. येणारच होता. त्यानं बटण दाबलं आणि तिच्या बाजूला दिवा लागला. तिनं कागदावर खूण केली. हात थांबला नाही, हेच नंतर तिला छळत राहिलं; हात जरासुद्धा थांबला नाही. "कान ठणठणीत आहेत तुमचे," ती म्हणाली. तो गोंधळला. म्हणजे मग डोक्यातच काहीतरी असणार, असं काहीसं पुटपुटला, आणि जाताना दोनदा आभार मानून गेला. बायको काय म्हणेल त्याला? आणि ती शिट्टी? दुपारी तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. धाकटीनं विचारलं, "बरं नाही का, मॅडम?" धाकटी तिच्या डावीकडे बसली होती. तिनं प्रश्न ऐकला होता, प्रत्येक अक्षर ऐकलं होतं, तरी तिनं मान पूर्ण वळवून "काय गं?" केलं, उगाच, आणि मग स्वतःचीच भीती वाटली. सोंग आहे की खरं, हेही तिचं तिला कळेनासं झालं होतं.

नवरा मोटार शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या हातात चाक देऊन शेजारी जीव मुठीत धरून बसायचं काम. त्यामुळे कोण कुठल्या बाजूला आहे हे त्याच्या नजरेतून कधी सुटायचं नाही. "तू हल्ली लेन का बदलतेस?" त्यानं विचारलं. दोघं बाजारातून पिशव्या घेऊन येत होते. "कसली लेन?" "आपण चालताना. लग्न झाल्यापासून तू माझ्या उजवीकडे असतेस. गेले काही दिवस बघतोय, पुढे जातेस, मागून वळतेस आणि डावीकडे येतेस. आरशात न बघता. झोपताना पण उशी त्या टोकाला." "उजव्या हाताला पिशवी जड होते." "पिशवी डाव्या हातात आहे." तो चांगला माणूस होता, अशा वेळी खनपटीला बसायचा नाही. "काही असलं तर सांग," एवढंच म्हणाला, आणि स्वतःच तिच्या उजवीकडे राहून चालायला लागला, जणू ते नेहमीचंच. त्याच्या त्या समजूतदारपणाचा तिला भयंकर राग आला. उद्या हाच मोठ्यानं, सुटं सुटं बोलायला लागेल, चहा, घेणार, का, आणि ती हसून काय म्हणेल ते तिला माहीत होतं. रस्ता ओलांडताना तिनं त्याचा हात इतका घट्ट धरला की तो म्हणाला, "अगं, सिग्नल आपलाच आहे."

रविवारी ताई तिला ओढूनच घेऊन गेली. "मेलेल्या माणसासारखं तोंड करून बसतेस, चल, अंग हलव." पर्समध्ये कानात घालायचे बोळे घेऊन ती निघाली, पण ते पर्समध्येच राहिले, कारण तिथे आवाज बेतानंच ठेवला होता. उंच छताच्या काचांतून दुपारचं ऊन आत आलं होतं, निळ्या फरश्या, काठावर चप्पल-बुटांची रांग, आणि भिंतीवर अजून पोहणाऱ्यांसाठीच्या सूचना: धावू नये, ढकलू नये. लोक शिडीनं खाली उतरत होते. पोरंसोरं होती, पण ताईच्या वयाचेही होते, एक जण तर काठी घेऊन. ती उथळ टोकाशी उतरली आणि पायांखाली जमीन कलती आहे हे जाणवून थबकली. जिथे पाणी असायला हवं तिथे ती कोरडी उभी होती, आणि डोक्यावरून जणू पाणी गेलेलं, अशी छाती दडपली. इथे सगळे ऐकायला आलेत आणि मी एकटी अर्धवट. परत जावं. पण ताईनं दंड धरला होता. उतार उतरत दोघी खोल टोकाकडे गेल्या, आणि तिथे तो बसला होता, तो जाडा, खालचा सूर. सगळा आवाज ओघळून तिथे साचल्यासारखा. तो तळपायांतून आला, पोटऱ्यांतून, बरगड्यांत. कानाची त्याला गरजच नव्हती. तिनं श्वास सोडला. किती दिवसांचा धरून ठेवला होता कोण जाणे. मग ठेका आला आणि खांदा हलला, मग कंबर, आणि खरं सांगायचं तर थोडा वेळ तिला काहीच आठवलं नाही, ना छापखान्यातला माणूस, ना मशीन, ना वडील. काठीवाला काठीनं ताल धरत होता. तिला इतकी मजा आली की तिला वाटलं, आपण पकडले जाणार.

आणि मग तो तुकडा लागला. पहिल्या सुरावरच तिनं तो ओळखला. खोल टोकाच्या भिंतीला, तिच्या डाव्या हाताशीच, एक स्पीकर उभा होता. ठेका वाढत गेला, वाढत गेला, आणि थांबला. सगळ्या तलावभर माणसं जागच्या जागी उभी राहिली, डोळे मिटून. ताईनं एक बोट वर केलं. चेहऱ्यावर तेच, गोड काहीतरी चाखल्यासारखं. तिच्यासाठी मात्र शांतता. नुसती शांतता, आणि तिच्याभोवती इतके मिटलेले डोळे. तिला ते बघवेना. ती वळली, तोंड लपवायला, उलट दिशेला वळली, आणि सूर आला. आला! बारीक, किणकिणता, फरशीवरून काचेची गोटी घरंगळावी तसा, उजव्या कानात. ती दचकून परत वळली. गेला. पुन्हा फिरली. आला. तिनं पाऊल उचललं आणि सावकाश एक पुरी गिरकी घेतली, आणि सूर उगवला, भरला, मावळला, विझला, आणि पुन्हा उगवला. हेडफोनची अदलाबदल तिनं इतके दिवस टाळली होती, आणि आता ती स्वतःच उलटीसुलटी होत होती. स्पीकर तोच, वायर तीच. फिरत होती फक्त ती. म्हणजे आता कुठलीच वायर उरली नव्हती. कान गेलाय, डावा, वरचा, माझा. तिनं अजून एक गिरकी घेतली, आणि अजून एक, कारण सूर खरंच फार गोड होता, ताई म्हणत होती तितका, आणि रडू यायला लागलं तरी ती थांबली नाही. ठेका परत आला. "अगं बाई, काय नाचतेस तू!" ताई ओरडली.

उथळ टोकाच्या पायऱ्यांवर दोघी दम खात बसल्या. "ताई, तो डावीकडचा सूर मला येत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशीही आला नव्हता." ताईनं घाम पुसता पुसता रुमाल खाली केला. "मग हो हो काय म्हणत होतीस?" त्यावर तिनं सगळं सांगितलं, मशीन, चढवलेला सूर, शाईच्या बोटांचा माणूस, सगळं, एका दमात. ताई तिच्या उजवीकडे बसली होती हे तिच्या ध्यानात आलं. कोण कुणाच्या बाजूला बसलं कोण जाणे. "आमच्याकडे लोक यायचे," ती म्हणाली, "कवळी टोचत असायची, पण मी पुन्हा घासायला घेईन म्हणून म्हणायचे, अगदी छान बसली हो. पुढच्या आठवड्यात हिरडीला हा एवढा फोड घेऊन परत. मी रागवायची नाही कुणाला. पण वहिनी, इथे फोड दुसऱ्याला येणारे." "हो," ती म्हणाली. एकदाच. "तू मशीनवरून उठवली गेलीस तर?" ताईनं विचारलं. वरच्या काचांतलं ऊन सरकत उथळ टोकापर्यंत आलं होतं. खाली लोक पुन्हा नाचायला लागले होते.

सोमवारी सकाळी तिनं हेडफोनची अदलाबदल केली. नुसती रीत म्हणून. सूर डाव्या कानात नेहमीच्या जागी नव्हता, आणि उजव्या कानावर मशीनची डावी बाजू इतकी मोठी वाजली की ती शरमली. धाकटी आली तेव्हा तिनं तिला दार लावायला सांगितलं. "डावीकडचा वरचा सूर होता तिथे आणायचाय. मशीनवाल्याला बोलाव. वायर गेली नव्हती. माझा कान गेलाय." धाकटी हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, मॅडम. पण तुम्हाला कोण सांगणार?" ते तिला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. छापखान्यात तिनं स्वतः फोन केला, पलीकडे यंत्रांची धडधड, तो माणूस दोनदा "काय? काय?" म्हणाला. तिनं सांगितलं, तपासणीत माझी चूक झाली, तुमचं म्हणणं खरं असणार, पुन्हा या, आणि तोवर त्या मशीनपाशी एकटे उभे राहू नका. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना?" तो म्हणाला. "हे जरा बायकोला सांगाल का?" सांगेन, म्हणाली. मग ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर ऐकत गेले तसतसे त्यांचे हात टेबलावर गप्प होत गेले, आणि शेवटी ते म्हणाले, "आधी तुमचा कान बघू. बाकीचं त्यानंतर." आवाज चढवून नाही म्हणाले. पण बाकीचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

मशीन दुरुस्त झालं त्या दिवशी ती काचेच्या खोलीत, पेशंटच्या खुर्चीत बसली. धाकटी हेडफोन चढवायला वाकली. "ठेका धरू नकोस," ती तिला म्हणाली. "सूर, थांबणं, सूर, थांबणं, असं एका लयीत देऊ नकोस. तुझी लय मला पाठ आहे, मीच शिकवलीय. मी न ऐकता दाबीन." धाकटीनं मान हलवली. मग तिनं खुर्चीच फिरवून घेतली, काचेकडे पाठ करून, कारण काचेतून धाकटीचा खांदा दिसतो आणि सूर सोडताना तो किंचित खाली जातो, हेही तिला पाठ होतं. दार बंद झालं. हातात बटण. बाहेरची सगळी खडबड एकदम पुसली गेली आणि तिला स्वतःचं रक्त ऐकू यायला लागलं. उजवा कान संपला. डावा. खालचे सूर आले, तिनं दाबलं. मधले आले, दाबलं. मग काहीच आलं नाही. आता वरचा असणार. सुरू झाला असेल. कदाचित आत्ताच सुरू असेल, चढत असेल, धाकटी बाहेर वाट बघत असेल. अंगठा नुसता शिवशिवला. एकदा दाबलं असतं, अंदाजानं, तर दिवा लागला असता, आणि कोण म्हणणार होतं की अंदाज होता? ती भिंतीकडे बघत राहिली आणि ऐकत राहिली, त्या पहिल्या दिवशी ताईनं थांब म्हटल्यावर थांबली होती तशी. काही नाही. अजूनही काही नाही. भीती वाटतच होती, भरपूर. तिनं अंगठा बटणावरून उचलला आणि मांडीवर ठेवला.